संकल्पातला कोड

कॉलेज रोडवरच्या हॉलमध्ये अंतिम सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती, आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरने वल्लरीला विचारलं, हा गेम तुझाच आहे कशावरून?

गेम तिचाच होता. बारावीच्या निकालानंतर तिच्या वडिलांनी, म्हणजे पंचवटीतल्या यज्ञेश्वर गुरुजींनी, तो रीतसर विकत घेतला होता. तिच्या संघातला आल्हाद तेव्हा फुकटची प्रत पेन ड्राइव्हवर घालून घरी घेऊन आला होता. गुरुजींनी त्याला चहा पाजला आणि पेन ड्राइव्ह परत केला. देव ज्या घरात आहेत तिथे चोरीचा माल नको, एवढंच म्हणाले. पुढे आल्हादला कळलं, की त्या प्रतीवर आपलं आपण एकट्याने खेळत बसायचं. चारचौघांबरोबर खेळायचं तर कंपनीचा सर्व्हर फक्त अस्सल प्रतीलाच आत घेतो. मग त्यानेही गपचूप विकत घेतला. तेव्हापासून दोघांना एक गोष्ट कळून चुकली होती. फुकट्यांच्या वाटेला कंपनी जात नाही, पैसे मोजणाऱ्याला मात्र येताजाता विचारते, की तुम्ही चोर तर नाही ना?

घरी ही कटकट नव्हती. हॉलमधला कॉम्प्युटर परका, म्हणून गेमला संशय आला आणि त्याने मोबाइलवर कोड पाठवला. खरेदीच्या वेळी नंबर दिला होता गुरुजींचा. गुरुजी इंदिरानगरला रंगनाथ आहेरांच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायणाला बसले होते.

संयोजक महेश येऊन सांगून गेला, की वेळेत संघातले पाचही जण गेममध्ये आले नाहीत तर मालेगावच्या संघाला पुढे चाल मिळेल. मालेगावकर गेली दोन वर्षं चषक घेऊन जात होते, आणि आत्ताही ते चषकाशेजारीच उभे राहून वडापाव खात होते. वल्लरीने वर्षभर या एका सामन्यासाठी सराव केला होता. तिला रडू यायला लागलं.

वडिलांना फोन करण्यात अर्थ नव्हता, हे तिला ठाऊक होतं. संकल्प सुरू झाल्यापासून आरती होईपर्यंत गुरुजी लौकिक शब्द उच्चारत नसत. एकदा यजमानाच्या धोतराला निरांजन लागलं, तेव्हा तेसुद्धा त्यांनी भुवयांनीच दाखवलं होतं. तरी तिने फोन लावला. लावतच राहिली. एवढ्यात पहिल्या कोडची मुदत संपली, म्हणून तिने दुसरा मागवला.

तिकडे गुरुजींची झोळी थरथरायला लागली. ती प्रथम दिसली रंगनाथच्या आईला, वत्सलाबाईंना. त्या मूळच्या नामपूर गावच्या, फोन वाजला की उचलायचा, मग तो कुणाचा का असेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भर पूजेत जाहीर केलं, "गुरुजी, तुमची पोरगी हाय. खेळाला आकडे पायजेत म्हणते, नायतर हरंल. माझा चष्मा सापडत नाय, तुम्हीच वाचा."

आणि त्यांनी फोन गुरुजींच्या नाकासमोर धरला.

यजमान जोडपं हातात पाणी घेऊन बसलेलं. मी म्हणतो तसं म्हणा, असं गुरुजींनी त्यांना नुकतंच बजावलेलं. गुरुजींनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा फोनकडे पाहिलं, आणि सूर जराही न सोडता म्हणाले,

"चत्वारि।"

"चत्वारि," रंगनाथ म्हणाला.

"शून्यम्।"

"शून्यम्," त्याची बायको स्नेहाही म्हणाली. मागे बसलेल्या पाहुण्यांनीही भक्तिभावाने साथ दिली.

"सप्त। द्वे। नव। षट्। नमः।"

सगळा फ्लॅट दुमदुमला. हॉलमध्ये वल्लरी एकेक आकडा टाइप करत होती आणि तिच्या खांद्यावरून आल्हाद तोंड उघडं ठेवून बघत होता. गेमचं समाधान झालं. त्याने तिला आत घेतलं.

"आता पाणी सोडायचं का?" रंगनाथने विचारलं. गुरुजींनी भुवयांनी हो म्हटलं.

घाईत वल्लरी फोन बंद करायला विसरली, आणि वत्सलाबाईंना तो बंद करावासा वाटला नाही. स्पीकर लावून त्या कोपऱ्यात बसल्या. पूजा झाली, कथा सुरू झाली, आणि मधूनमधून फोनमधून गोळ्यांचे आणि पोरांच्या ओरडण्याचे आवाज यायला लागले. चौथ्या अध्यायात वल्लरीचा संघ मागे पडला, तेव्हा साधुवाण्याची नाव बुडताना गुरुजींचा आवाज खरोखर कापरा झाला. पाहुण्यांचे डोळे पाणावले. असं कथावाचन कधी ऐकलं नव्हतं, असं शेजारचे निवृत्तीकाका हळूच म्हणाले.

तो अध्याय संपता संपता फोनमधून एकच गलका उठला. खुर्च्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, आणि त्या सगळ्यावर वल्लरीचा आवाज आला, "बाबा, जिंकलो. मालेगावला हरवलं."

गुरुजींनी पोथी मिटली आणि घंटा उचलून जोरजोरात वाजवायला सुरुवात केली. माणसं गोंधळून उभी राहिली. कुणी कापूर पेटवला, कुणी टाळ्यांचा ठेका धरला.

रंगनाथ वाकून त्यांच्या कानाशी लागला. "गुरुजी, पाचवा अध्याय राहिलाय."

"तो मागून वाचू," गुरुजी चक्क रोजच्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आधी आरती घ्या. माझी मुलगी जिंकली."