तांबीचा पत्ता

अमेरिकेतल्या दुलुथमध्ये शाळेची बस चालवणाऱ्या कर्स्टन टोलेफसन यांची गर्भनिरोधक तांबी गर्भाशय सोडून आतड्याशेजारी जाऊन बसली. बस खड्ड्यात आदळली की बाईंच्या पोटात कळ येई. डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या, दुर्बिणीने काढू. तीन बारीक छिद्रं आणि संध्याकाळी घरी. फक्त विमा कंपनीची मंजुरी हवी. ती देण्याच्या, म्हणजे न देण्याच्या, विभागात मी बारा वर्षं आहे.

नियमाप्रमाणे मी फोन करून दुखण्याची चौकशी केली.

"तसं ठीक आहे हो, तक्रार काही नाही," बाई म्हणाल्या.

आमच्या मिनेसोटात हात तुटला तरी माणूस हेच म्हणतो. मी 'तक्रार नाही' अशी नोंद करून अर्ज फेटाळला.

डॉक्टरांनी एक्स-रे पाठवला. तांबी ठळक दिसत होती, पण ती गर्भाशयासाठी मंजूर झालेली. पोटात तिची नोंदच नव्हती. तेव्हा आधी पत्ताबदलाचा अर्ज भरावा, असं मी कळवलं. बाईंनी भरला. जुना पत्ता गर्भाशय, नवा पत्ता आतड्याच्या उजवीकडे. वर मला त्रास दिल्याबद्दल माफीही मागितली. नोंद त्याच दिवशी झाली, आणि तांबी आता नोंदलेल्या जागीच असल्यामुळे ती सरकलेली नाही, सबब शस्त्रक्रियेची गरज नाही, असं पत्र गेलं. त्या पत्राचा मला आजही अभिमान वाटतो.

मग डॉक्टरांचा फोन आला. आवाज फार गोड होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"जुनी जागा रिकामी झाली ना? मग तिथे नवी तांबी मंजूर करा."

संगणकाने दोन मिनिटांत मंजूर केली. तिसऱ्या मिनिटाला त्याला एका बाईच्या नावावर दोन तांब्या सापडल्या. हा नियमभंग. आतड्याशेजारची जादा तांबी तातडीने काढावी, असा हुकूम त्याने स्वतःच सोडला. पाच महिने अडलेलं काम पंचवीस मिनिटांत झालं. बाई जेवायला घरी होत्या.

आभार मानायला त्यांनी फोन केला, तेव्हा मी विचारलं, असल्या नियमांवर सही केलीत तरी कशी?

"वाचले कुठे होते? खाली 'मान्य आहे' लिहिलं होतं, तिथे बोट लावलं."

तुम्ही हसलात. तुमच्या विम्याच्या कागदांत बेचाळिसावं कलम कोणतं, ते सांगता? राहू द्या. काही अडचण आहे का विचारलं, तर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे: तसं ठीक आहे हो, तक्रार काही नाही.

मी तशी नोंद केली आहे.