चारच पानं

दातांच्या डॉक्टरांनी कुंपणाच्या भिंतीवरून घमेलं पुढे केलं आणि मावशींना सांगितलं, की हा तुमच्या कडुनिंबाचा कचरा. रोज दवाखान्याच्या दारात पडतो आणि पेशंटच्या चपलांना चिकटून थेट खुर्चीपर्यंत येतो.

एरवी मावशींनी "बघते हं" म्हणून घमेलं घेतलं असतं. पण टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून त्या पानांवरून झाडं ओळखायच्या वर्गाला जाऊ लागल्या होत्या, आणि नुकतंच मिळालेलं ज्ञान अगदी गरम होतं. त्यांनी घमेल्यात बोटं फिरवली.

"डॉक्टर, ही पानं नव्हेत."

"मग काय आहे?"

"पर्णिका. देठाच्या बगलेत जिथं डोळा, म्हणजे नवा कोंब, असतो, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. ह्या घमेल्यात फार तर चार पानं भरतील. चार पानांसाठी शेजाऱ्याला हाक मारायची का, ते तुम्हीच ठरवा."

डॉक्टर चिडले. तुमच्या हिशेबाने माणसाच्या तोंडात बत्तीस दात नसून एकच दात असतो म्हणायचा, असं ते म्हणाले.

"मग बिलही एकाचंच लावा की," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

धसका घेतला तो मावशींच्या यजमानांनी. काकांची नवी कवळी डॉक्टरांकडे अर्धवट तयार होती. जुनी मोडल्यापासून ते दुधात कुस्करलेल्या पावावर दिवस काढत होते. दुसऱ्या दिवशी ते चौकशीला गेले, तर माप परत घ्यावं लागेल असं कळलं. त्यानंतर गेले, तर डॉक्टर कामात होते. काकांनी घरी येऊन मावशींना विनवलं, की घमेलंभर पाला उचलला तर आपलं काय जातं. मावशींनी त्यांना समजावलं, की प्रश्न उचलण्याचा नाही, शास्त्राचा आहे. आणि शास्त्र सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी झाडावर एक पाटी टांगली: 'कडुनिंब. संयुक्त पान. खाली पडतात त्या पर्णिका.' पाटीचं तोंड दवाखान्याकडे होतं.

पेशंट ताटकळत बसलेले असायचे. समोर वाचायला तेवढंच. आत गेल्यावर ते दुखरा दात दाखवायच्या आधी पर्णिका म्हणजे काय, ते विचारू लागले. आपल्याच दवाखान्यात आपल्याला उत्तर येऊ नये, हे डॉक्टरांना फार लागलं. मावशी सकाळच्या वर्गाला जात, म्हणून डॉक्टरांनी गुपचूप संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

काही आठवड्यांनी ते दोन डहाळ्या घेऊन मावशींच्या अंगणात आले. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे काका जास्तच घाबरले.

"मावशी, कडुनिंबाचं पान एकदाच विभागतं. मधली काडी, दोन्ही बाजूंना पर्णिका, संपलं. तुमच्या झाडाच्या काडीला आधी फाटे फुटतात आणि पर्णिका त्या फाट्यांवर असतात. हा कडुनिंब नाही. बुचाचं झाड आहे."

मावशींनी चष्मा लावला. पान उलटसुलट करून बघितलं, देठाच्या बगलेतला डोळा शोधला, पुन्हा पान बघितलं. पान खोटं बोलत नव्हतं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं, कारण रोप काकांनी लावलं होतं.

"मी लावला तो कडुनिंबच होता," काका बोळक्या तोंडाने म्हणाले. "हा कोण, ते मला विचारू नका."

डॉक्टर दोघांना दवाखान्याच्या मागे घेऊन गेले. तिथे एक जुना, उंच बूच होता आणि त्याचं पान अगदी तसंच होतं. बुचाला मुळांतून कोंब फुटतात, मूळ भिंतीखालून तुमच्याकडे आलं आणि तुमचा कडुनिंब वाळला तिथे हा वाढला, असं त्यांनी समजावलं. "म्हणजे झाड आमचं," असं म्हणत त्यांनी बुचाच्या खोडावर थाप मारली.

मावशींना वाईट वाटलं, पण त्या खोटं रेटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पाटी उतरवली आणि नवी लिहिली: 'बूच. मालक: डॉक्टर.' ती वाचून डॉक्टर इतके खूश झाले, की त्याच संध्याकाळी काकांना खुर्चीत बसवून कवळी पुरी करायला घेतली. दोन दिवसांत काका चणे फोडू लागले.

त्यानंतरच्या सकाळी भिंतीपलीकडून मावशींची हाक आली. "डॉक्टर, तुमच्या झाडाखाली बराच पाला साठलाय. आमच्या अंगणातही."

डॉक्टर क्षणभर घुटमळले. पण झाड आपलं नाही असं आता कुठल्या तोंडाने म्हणणार? ते झाडू घेऊन आले. आधी दवाखान्याचं दार झाडलं, मग मावशींचं अंगण. काका-मावशी सावलीत चहा घेत बसले होते. झाडू जवळ आला की दोघं पाय वर घेत.

गाल सुजलेला एक माणूस फाटकाशी आला आणि डॉक्टर कुठे भेटतील, असं त्याने खुणेनेच विचारलं. मावशींनी त्याला खुर्ची दिली.

"बसा जरा. त्यांचं घरचं काम चाललंय."

डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. झाडूवर हनुवटी टेकून ते वर शेंड्याकडे बघत होते, आणि ह्या वर्षी ह्याला फुलं येतील का हो, असं काकांना विचारत होते.