यल्लोजीरावांची दोन इंची पलटण

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, म्हैसूरच्या कुवेंपुनगरात, आमच्या भिंतीला भिंत लावून, लष्कराची एक तुकडी गेली नऊ वर्षं तळ ठोकून आहे. तुकडीत एक्केचाळीस जवान आहेत. एकाच्याही हातात बंदूक नाही. सगळे रणगाडा दुरुस्त करण्यात गढलेले आहेत. रणगाडा मात्र कुठेच नाही. जवानांची सरासरी उंची दोन इंच.

तुकडीचे प्रमुख हवालदार यल्लोजीराव, निवृत्त. यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या सैन्यात घोड्यावर बसायचे. यल्लोजीरावांची नोकरी मात्र रणगाड्याच्या पोटाखाली, पाठीवर पडून झाली. "बंदूक कुणीपण धरतंय हो," ते म्हणतात. "पाना धरून दाखवा."

निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी तारेचे सांगाडे वाकवले, त्यांच्यावर गळक्या पाइपाला लावायचं लुकण चढवलं आणि सुईनं नाक-डोळे कोरले. कुणी घण उगारलेला, कुणी ग्रीसनं कोपरापर्यंत माखलेला, कुणी नुसताच कमरेवर हात ठेवून चूक कोणाची याचा विचार करतोय. त्यांच्या बायकोचं, सरसक्कांचं, यावर एकच म्हणणं असे. "लुकण सगळं माणसांना जातंय. नळ बगा माझा, तसाच गळतोय."

माझा धंदा शिवणकामाचा, त्यामुळे कपड्यांच्या बाबतीत मी सल्लागार. एकदा त्यांनी मला माझ्याच स्कूटरखाली आडवं केलं. गुडघ्यापाशी पँटला चुण्या कशा पडतात ते त्यांना बघायचं होतं.

"अहो, मी शिंपी आहे. नुसतं सांगतो की," मी म्हणालो.

"मास्तर, तुम्हाला उभ्या माणसाच्या चुण्या कळतात. पडलेल्याच्या नाय. सुम्ने पडा."

'सुम्ने' म्हणजे उगाच, गपगुमान. हा कन्नड शब्द त्यांच्या प्रत्येक हुकमाला शेपटासारखा जोडलेला असतो. मी सुम्ने पडलो. पाव तासात चार माणसं जमली, एकानं पाणी आणलं, दुसरा रिक्षा थांबवून आला. यल्लोजीराव पट्टीनं माझी पोटरी मोजत होते.

आठवड्यानं पुतळा तयार झाला. दोन पाय, सुरेख चुण्या, आणि कमरेच्या वर काहीच नाही.

"बाकीचा मी कुठे आहे?"

"रणगाड्याखाली."

"पण रणगाडा नाहीये."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की प्रश्न मागं घ्यावासा वाटला. तरी मी न राहवून देवराज मार्केटातून एक प्लास्टिकचा रणगाडा आणून दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला.

"काय बिघडलंय ह्याचं?"

"काही नाही. नवाकोरा आहे."

"मत्ते मग माझ्याकडं कशाला आणलाय? नीट झालेला रणगाडा थांबत नसतोय मास्तर. तो पुढं जातोय. मागं आम्हीच राहतोय."

दोन वर्षांपूर्वी सरसक्का गेल्या. तेव्हापासून दसऱ्याला घर बंदच असायचं. यंदा मात्र नवरात्राच्या आदल्या दिवशी यल्लोजीराव इस्त्रीचा शर्ट घालून दारोदार चिठ्ठ्या वाटत फिरले. आमच्या दारात आलेल्या चिठ्ठीवर होतं: 'हळदीकुंकू व गोंबे दर्शन. वेळ सतराशे ते एकोणीसशे. बायकांनी वेळेत हजर राहावे.'

म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या बसवतात. संध्याकाळी बायका एकमेकींकडे बघायला जातात, कुंकू लावून घेतात, पोरांना खाऊ मिळतो. हे सगळं राज्य बायकांचं. यल्लोजीरावांनी नोकरीभर छावणीत राहून हा सण पत्रातूनच पाहिलेला; घरी आल्यावरही बायका आल्या की ते जवानांना घेऊन मागच्या खोलीत बसायचे. बायको नसली की त्या घरी कुंकवाला कुणी जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आता सांगणार तरी कोण?

पाच ते सातची ही लष्करी चिठ्ठी वाचून गल्ली पोट धरून हसली. माझ्या बायकोनं, सुमित्रेनंही ती फ्रिजवर चिकटवून आल्यागेल्याला दाखवली.

"जाऊन ये की," मी म्हणालो.

"आणि कुंकू कोण लावणार? ते? उगा काहीतरी बोलू नका."

सहाव्या दिवशी मीच गेलो. दार सताड उघडं. खोलीत नऊ पायऱ्या, पांढरीशुभ्र चादर. वरच्या पायरीवर सरसक्कांनी माहेराहून आणलेले लाकडी राजा-राणी, खाली एक्केचाळीस जवान ओळीनं. दाराजवळच्या खुर्चीत यल्लोजीराव ताठ बसलेले, मांडीवर कुंकवाचा करंडा. शेजारी पातेलंभर हरभऱ्याची उसळ, वर ताट झाकलेलं. उसळीला कुणाचा हात लागलेला नव्हता.

"उद्या येतील," ते म्हणाले. "आज टीव्हीवर कायतरी असंल."

"रोज करता उसळ?"

"रोज. शिळी कशी देणार हो बायकांना?"

"मग आदल्या दिवशीची?"

"मी खातोय की."

मी घरी आलो. सुमित्रा भात लावत होती. तिला काय काय पाहिलं ते सांगितलं. ती ऐकत होती, पण हात चालू होते. राणीला नवी साडी नेसवली आहे, असं म्हटल्यावर तिनं विचारलं, "कुणी?"

"त्यांनीच. पदर उजव्या खांद्यावरून खाली आलाय."

"उलटा?"

"उलटा."

"सहा दिवस सरसक्काची राणी उलट्या पदरानं बसलीय?" तिनं गॅस बंद केला. "आणि तुम्ही तसंच बघून आलात?"

पुढच्या दहा मिनिटांत तिनं साडी बदलली आणि गल्लीतल्या चार दारांवर थापा मारल्या. काय सांगितलं कुणास ठाऊक, पण चौघीही केसांत मोगरा माळत बाहेर आल्या. मी शेपूट होऊन मागं गेलो.

यल्लोजीराव खाडकन उठून उभे राहिले. करंडा पुढं केला, मग मागं घेतला. परक्या बायकांना आपण कुंकू कसं लावायचं, हा प्रश्न त्यांना त्याच क्षणी पडला असावा.

सुमित्रेनं तिकडं पाहिलंच नाही. "मामा, जरा सरका," म्हणत ती थेट वरच्या पायरीपाशी गेली, राणी उतरवली, तिची साडी फेडली आणि नीट निऱ्या घालून पुन्हा नेसवली. पदर डाव्या खांद्यावर आणला. मग परत येऊन तिनं यल्लोजीरावांच्या हातातला करंडा सहज उचलला, स्वतःला कुंकू लावलं, चौघींना लावलं आणि राणीच्या कपाळावर बोट टेकवलं.

बायका जवानांपुढे वाकून हसत होत्या, एकमेकींना बोटानं दाखवत होत्या. खोलीत मोगऱ्याचा वास आणि बांगड्यांचा आवाज भरला होता. उसळ वाढायची यल्लोजीरावांना आठवण राहिली नव्हती. ते पाहुण्यांकडे बघतच नव्हते. वरच्या पायरीकडे तोंड करून, आम्ही सगळे तिथं आहोत हे विसरून, ते मोठ्यानं म्हणाले,

"सरसा, बायका आल्या गं."