रशियाचे उपग्रह आणि माझी विहीर

मोजणीच्या यंत्रावर छत्री धरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कागल तालुक्यात कुणी नव्हता! बत्तीस वर्षं मी मोजणीदारांबरोबर साखळी ओढली. तेव्हाच्या दुर्बिणीला ऊन लागलं की पातळीचा बुडबुडा सरकायचा, म्हणून वर छत्री धरावी लागे. भले भले साहेब म्हणायचे, "छत्री धरावी तर या आकारामानं!"

त्यामुळं दोन हजार सात साली माझ्याच बांधाची मोजणी निघाली तेव्हा मी निर्धास्त होतो. भांडण शेजारच्या चनबसाप्पाशी. मी खणलेली विहीर त्याच्या हद्दीत येते, असं त्याचं म्हणणं. विहीर गेली की माझ्या उसाचं उभ्या उभ्या चिपाड!

कोल्हापूरहून मोजणीला निशाताई आल्या. यंत्रं दोन, दोन्ही आभाळातल्या अमेरिकेच्या उपग्रहांकडं कान लावून बसणारी. एक गावठाणाच्या दगडावर. तिथं त्या स्वतः. दुसरं विहिरीजवळ तिपाईवर.

"आबा, याला हात लावू नका. फोन केला की नुसता आकडा सांगा," असं बजावून त्या गेल्या. मधे पुरुषभर उंच ऊस. कुणाला कुणी दिसेना.

थोड्या वेळानं मोबाइल वाजला.

"किती उपग्रह?"

"तीन!"

"तीनच? डोक्यावर झाड आहे का?"

"झाड कुठलं? मोकळं आभाळ हाय की!"

चनबसाप्पा बांधावर बसून दात काढत होता. "अमेरिकेला बी कळलंय, विहीर कुणाची हाय ती!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी वेगळी यंत्रं आणली. अमेरिकेचे उपग्रह कमी पडले तर ही रशियाचेही जोडून घ्यायची. आकडा चढला. सात! मोजणी झाली. विहीर तीन हात माझ्याकडं!

"रशिया आपला जुना पावणा हाय, चनबसाप्पा!" मी फक्त नाचायचा राहिलो.

पण पुन्हा मोजल्याशिवाय रेघ मारतील त्या ताई कसल्या! दुसऱ्या मोजणीत विहीर गाडीवाटेवर गेली. तिसऱ्या मोजणीत थेट मारुतीच्या देवळात!

"आता पुजाऱ्याशी भांड," चनबसाप्पा म्हणाला.

ताई ऊस तुडवत आल्या आणि जागीच थबकल्या. यंत्रावर चंदेरी अस्तराची नवी कोरी छत्री धरून मी उभा! हात सरळ, मान ताठ. यंत्राच्या डोक्यावरच्या तबकडीला उन्हाचा कवडसासुद्धा लागू दिला नव्हता.

"आबा! हे काय?"

"छत्री. दोन दिवस हलू दिली न्हाय!"

"अहो, उपग्रह वर आहेत! या चंदेरी अस्तरातून त्यांचं बोलणं याच्या कानात जाईल कसं? मिटा आधी ती!"

मिटली. आकडा भराभर चढत तेरावर गेला. ताईंनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा विहीर एकाच जागी: चनबसाप्पाच्या हद्दीत, दोन हात आत.

मी मटकन खाली बसलो. चनबसाप्पा जवळ आला.

"रडतोस काय म्हाताऱ्या? एक दिस पाणी तुझं, एक दिस माझं. पर गाळ दरसाल तू काढायचास. समदा!"

"व्हय," म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

घरी बायको, चिमणाबाई, दारातच उभी होती.

"विहीर आपलीच न्हवं?"

"निम्मी आपली."

"कुठली निम्मी?"

"खालची."