एका हूंपुरती जागा

आमचे आमदार मनिरामभाऊ रोज सकाळी मोबाइलवर एक बोललेला निरोप पाठवत, आणि त्यात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत. थट्टा नाही. "हां, मी मनिराम बोलून राहिलो. आयकून राहिले ना?" असं म्हणत आणि थांबत. चांगले दोन-तीन श्वास. मागे कोंबडा आरवे, कुणाची सायकल खडखडत जाई. मग "हां, बरं," म्हणून पुढचं सुरू. जणू कोणीतरी हो म्हटलं.

मी तेव्हा तिरुपूरला होते, अजूनही आहे. बनियन शिवायचा कारखाना. नववीत शाळा सुटली, तुमसर रोड स्टेशनला गाडीत बसले, ती इथे उतरले. डब्याच्या वेळी मी भाऊंचा निरोप लावायची. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी ओडिशाची सबिता एकदा म्हणाली, "ये भैया रोज क्या बेचता है?" ओळीनं गावांची नावं ऐकून तिला तो भाजीवाला वाटला होता.

तिचंही बरोबरच. करोनाच्या लशीचं ते साल. आज कोणत्या गावात लस आहे, उद्या कोणत्या, हे भाऊ हाळी दिल्यासारखं सांगत. आली नाही तर तेही सांगत. "आज गाडी नाई आली. सायबाले फोन केला, थे म्हणते उद्या येईन. मले काई खरं वाटत नाई." असं बोलणारा आमदार मी दुसरा ऐकला नाही. पण मला त्यात माझ्या गावाचं नाव ऐकायचं असायचं. एवढ्या लांब ते नाव घेणारं दुसरं कोण होतं?

निरोपाच्या शेवटी भाऊंचं विधेयक येई. लस आणि डॉक्टर गावापर्यंत चालत आले पाहिजेत, आजारी माणसानं त्यांच्यापर्यंत चालत जायचं नाही, असा कायदा त्यांना हवा होता. तो मुंबईला अडकून पडला होता. कुणी विचारलं की भाऊ म्हणत, "पऱ्ह्यात आहे." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. ती उपटून चिखलात लावायची, तो रोवणा. मग धान निसवणार, मग कापणी. भाऊंचा कायदा पऱ्ह्याच्या पुढे काही सरकत नव्हता. मोहाडीच्या बाजारात एकानं त्यांना टोमणा मारला, "भाऊ, तुमचा पऱ्हा पिवळा पडून राहिला."

"पडू दे पिवळा," भाऊ म्हणाले, "कोणी उपटून तं नाई ना फेकला?"

मला त्या कायद्यातलं फार कळत नव्हतं. मला माझ्या मायची काळजी होती. तिला दमा. बाप नाही, मला भावंडं नाहीत, घरात ती एकटी. आणि ती लस घेत नव्हती. सुई टोचली की हात लुळा पडतो, असं तिला कोणीतरी सांगितलेलं. रोवण्याचे दिवस तोंडावर. शेजारच्या फोनवरून मला म्हणाली, "हात गेला तं रोवणा काय तुह्या बापाच्या फोटोनं करू?" नर्सबाई गावात आली की माय दिसेनाशी व्हायची. इकडे माझा फोन वाजला की शिलाई वाकडी जायची.

भाऊ निरोपात स्वतःचा नंबर सांगत. एक दिवस भीत भीत लावला. त्यांनीच उचलला.

"कोणाची पोरगी?"

"पार्बताबाईची जी. तलावाजवळचं घर."

"कुठून बोलून राहिली?"

"तिरुपूरहून."

"तिथं भात कोणता देते?"

"जाडा. उकडा."

"अरेरे," भाऊ म्हणाले, खरंच वाईट वाटल्यासारखे. मग माझं सगळं ऐकून घेतलं. "मी जातो तिच्याकडे. आयकून राहिली ना?"

आणि शांत. मला वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो करत बसले. शेवटी तिकडून आवाज आला, "हॅलो नोको म्हणू, पोरी. हूं म्हण."

मी हूं म्हटलं.

पुढचं मायनंच फोनवर सांगितलं. भाऊ धोतर खोचून आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, येऊन उभे राहिले. रोवणा करणाऱ्या बायांनी इशारा केला, तशी माय पऱ्ह्याच्या पेंढ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली. भाऊंनी लशीचं सगळं समजावलं. हात दोन दिवस दुखते, लुळा पडत नाई, म्हणाले. मग विचारलं, "आयकून राहिल्या ना?" आणि थांबले.

बाया खाली वाकलेल्या. कोणी बोलेना. भाऊही हलेनात.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हूं देणारं माणूस लागतं. हूं बंद झाला की गोष्ट थांबते. लहानपणी मी झोपेत असले तरी हूं द्यायची. मायच्या हाडात ती सवय. तिला ती शांतता सोसवली नाही. ढिगामागून तिच्या तोंडून निघून गेलं, "हूं."

बाया चिखलात बसून हसल्या. "पार्बता, लपून हूं देऊन राहिली काय वं!" भाऊ मात्र हसले नाहीत. चष्मा काढून दुपट्ट्यानं पुसला. "लय दिवसानं आला हूं," म्हणाले. "सकाळी उपकेंद्रात येजो, बाई. मी थांबतो तिथं."

"काहून गं माय, असं काहून म्हणाले?" मी विचारलं.

"थो हूं त्याच्या बायकोचा होता ना वं. लस यायच्या आधीच गेली बिचारी. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन राहिले होते, रस्त्यातच गेली."

फोन ठेवला आणि भाऊंचे जुने निरोप काढले. सगळ्यात आधीच्यांत, लस आली नव्हती तेव्हाच्या, "आयकून राहिले ना?" नंतर एका बाईचा बारीक हूं आहे. मला तो कधी ऐकूच आला नव्हता. मग एका दिवसापासून तो नाही. जागा मात्र तेवढीच.

माय जाते म्हणाली होती खरी, पण तिचा काय भरवसा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशीनवर माझं चित्त नव्हतं. डब्याच्या वेळी त्या दिवशीचा निरोप लावला. मागे कोंबडा नव्हता. कुठलं तरी दार वाजत होतं, कोणी बाई म्हणत होती, "सुई झाली, आता अर्धा तास बसा, उठू नका."

"हां, मी मनिराम बोलून राहिलो. आयकून राहिले ना?"

आणि त्या जागेत, अगदी जवळून, मायचा दम्यानं घरघरणारा आवाज आला. "हूं."

पुढं भाऊ काही बोललेच नाहीत. गावांची नावं नाहीत, विधेयक नाही. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग मायच म्हणाली, "सांगा जी पुढं. मी आयकून राहिली."