गुणवंतभाऊंचे बचावाचे नियम

गुणवंतभाऊ राठोड पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी दाराशी चपला काढल्या, पण डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. पाणी दिलं, तर हेल्मेटची काच वर करून प्यायले. शेवटी न राहवून मी म्हटलं, "भाऊ, हेल्मेट काढून निवांत बसा की."

त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "मॅडम, पंखा पाहा कसा डुगडुगून राह्यला तुमचा. तुम्ही त्याच्याखालून हला आधी."

तो पंखा आमचं लग्न झाल्यापासून डुगडुगतोय, हे मी सांगून पाहिलं. "आजलोक नाही पडला," भाऊ म्हणाले, "पण होऊ शकते न!" मी मुकाट्यानं खुर्ची सरकवली.

"होऊ शकते न!" हे भाऊंचं पालुपद. घाटंजीत ते विम्याचे एजंट आहेत आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. माणसाला त्याच्या स्वभावाला साजेसा धंदा क्वचित मिळतो, भाऊंना मिळाला. भर उन्हाळ्यात त्यांच्या काखेत छत्री असते. गॅस बंद केला का ते पाहायला ते बसस्टँडवरून परत येतात, आणि मग कुलूप लावलं का ते पाहायला पुन्हा. भजं खाण्याआधी आत मिरची आहे का म्हणून दाबून बघतात. फारच घाबरले तर गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, "याडीये!" म्हणून आईला हाक मारतात. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हाक तीच.

त्या दिवशी ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले होते. पुण्याला शिकणारा पुतण्या दिवाळीत एक खेळ आणून इथंच विसरून गेला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि लढाई जुंपली की वीस पैलूंचा फासा टाकून वार लागला की हुकला ते ठरवायचं, असा तो खेळ. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून अर्थ विचारायला भाऊ माझ्याकडे आलेले. तक्रार मात्र त्यांची तयार होती. "माराले पानंच्या पानं हायत मॅडम, अन् जीव वाचवाले हे एवढुसं! असं कुठं असते का?"

एवढुशाचं पुष्कळ करायचं काम मग भाऊंनी स्वतःच अंगावर घेतलं. दर रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत आमचा डाव बसू लागला. मी, भाऊंच्या पत्नी सुमनवहिनी, आणि समोरच्या घरातले बबनराव. बबनरावांचं आयुष्य एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलं. गोष्ट सांगायचं आणि सगळे राक्षस, दरोडेखोर, लांडगे चालवायचं काम भाऊंचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते आमचे घरचे नियम लिहीत आणि भिंतीला लावत.

पहिला नियम खरंच छान होता. सोबत्यावर वार आला की शेजारी उभ्या असलेल्यानं "आड मी!" म्हणायचं आणि तो वार आपल्या अंगावर घ्यायचा. पण बबनरावांनी लगेच विचारलं, हे फासा पडायच्या आधी म्हणायचं की नंतर? आधी म्हणायचं तर छाती लागते, कारण वार लागणार की हुकणार ते ठाऊक नसतं.

"नंतरबी चालते," भाऊ म्हणाले.

"म्हणजे चेकर दिसल्यावर तिकीट काढाचं?" बबनरावांना ते सहनच होईना.

"ग्रेस पिरियड असते न बावा! एक हप्ता चुकला म्हणून पॉलिसी बंद करते का कोणी?"

मग आड येणाऱ्याची जखम निम्मी झाली. मग ढालीला स्वतःचा बचाव मिळाला. मग एका रविवारी दरोडेखोरही एकमेकांच्या आड येऊ लागले. आम्ही ओरडलो, तर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "त्यायच्याही घरी कोणी असंन न." एका पुलावरची लढाई पोळ्याला सुरू झाली, ती दसरा उलटला तरी संपेना. ना आमचं कोणी पडे, ना त्यांचं. बबनराव तर बसल्या बसल्या घोरू लागले.

कळस झाला तो गोणीकोटाचा. भाऊंचे आजे त्यांना जुन्या गोष्टी सांगत. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरत, आणि मुक्कामाला थांबले की गोण्यांची उंच रास रचून भोवती कोट करत. मध्ये बाया-लेकरं. तोच नियम भाऊंनी खेळात आणला. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि मधल्याला कोणताच वार लागणार नाही.

मध्ये दर वेळी मैनाच असे. मैना म्हणजे सुमनवहिनींचं पात्र, उंचीपुरी, हातात कुऱ्हाड, सगळ्यांच्या पुढं धावणारी. वहिनी स्वतः काडीसारख्या. विहिरीवरून आल्या की ओट्यावर टेकायच्या आणि श्वास जागेवर येईपर्यंत हसत राहायच्या. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला उशीर करू नका म्हणून सांगितलं होतं. नागपूरच्यांनीही तेच सांगितलं. वहिनी तयार होत्या. भाऊ "अजून एक जणाले दाखवू" म्हणत तारीख पुढं ढकलत होते.

हे वहिनींनीच आम्हाला सांगितलं, एका रविवारी, सगळ्यांसमोर. भाऊ मैनेला कोटात घ्यायला निघाले आणि वहिनींनी हात आडवा केला.

"मले नाही राहाचं मधात."

"काहून?"

"जीव घाबरते मधात." मग त्यांनी ऑपरेशनचं सगळं सांगितलं, आणि भाऊंकडं वळल्या. "एक सांगा मले. तुमच्या आज्याचा तांडा कोट करे. मग सकाळी उठून चालाले लागे का नाही? का तिथंच बसून राहे गोण्यायमधात?"

बबनराव टक्क जागे. मी उगाच चहाच्या कपात बघत राहिले.

"नवा नियम लिहा," वहिनी म्हणाल्या. "ज्याच्या आड याचं, त्याले पहिले ईचाराचं. त्यानं हो म्हणलं तंच याचं."

भाऊंनी कॅलेंडरचं पान ओढलं आणि लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी छापल्यासारखं, त्या दिवशी ओळ उतरणीला लागली होती.

मैना एकटी पुलावर गेली. समोर दरोडेखोरांचा म्होरक्या. त्याचा फासा टाकायचा भाऊंनीच. त्यांनी तो मुठीत घेतला आणि मूठ काही उघडेना.

"आड येऊ?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही तं दरोडेखोर आहा!" बबनराव म्हणाले.

भाऊंनी ऐकलंच नाही. ते वहिनींकडे बघत होते. "सुमन, आड येऊ का?"

"नको," वहिनी म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या. "टाका फासा. पुढच्या मंगळवारी नागपूरले जाऊन राह्यलो आपण. मी फोन केला डॉक्टरले."

"याडीये," भाऊ पुटपुटले. फासा पडला. वार लागला, आणि चांगलाच लागला. मैना पुलावर कोसळली. आमच्या खेळात पहिल्यांदाच कोणी पडलं होतं.

भाऊंनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. या माणसाला आम्ही किती हसलो होतो! मला त्या क्षणी उठून त्यांचा हात धरावासा वाटला. पण तो हात आधीच वहिनींच्या हातात होता.

"पडली न?" वहिनी म्हणाल्या. "आता पुढं काय? भिंतभर नियम लावले तुम्ही, न पडाचे. पडल्यावर उचलाचा एक तरी हाय का त्याच्यात?"

भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकही नव्हता. त्यांनी कोरं पान पुढ्यात घेतलं आणि पेनचं टोपण काढलं.

"उचलाले किती जण लागतीन?"

"एकच पुरते."

"थो कसा पाहिजे?"

"जवळ असला पाहिजे. बस."

भाऊंनी तेवढं लिहिलं. पेन मात्र कागदावरून उचललं नाही.

"अन् थो भ्यायलेला असला तरी चालते, असं लिहू का?"

"लिहा," वहिनी म्हणाल्या.