नामंजूर पुस्तकातून उत्तीर्ण

कोल्हापुरातल्या एका सहकारी दूध संघात सबिना मुजावर ही संगणक विभागातली कर्मचारी नऊ वर्षे तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने कामावर घ्यायचे. त्या एका दिवसात संघाचे संगणक कोण सांभाळत असे, याची नोंद कुठे आढळत नाही.

गेल्या वर्षी लेखापरीक्षकांनी शेरा मारला, की संगणकांच्या सुरक्षेचे काम बघणाऱ्या व्यक्तीकडे त्या विषयाचे प्रमाणपत्र असावे. कार्यकारी संचालकांनी सबिनाला बोलावले.

"नेटवर्क सुरक्षेची परीक्षा मार्चअखेर पास व्हा. कायमची ऑर्डर काढतो."

"अभ्यासाला एखादं पुस्तक मिळंल का साहेब?"

"अर्ज द्या की. एवढा मोठा संघ एका पुस्तकाला नाही म्हणणार आहे होय?"

संघ नाही म्हणाला नाही. संघाने समिती नेमली.

'अभ्यासपुस्तक निवड समिती'च्या अध्यक्षपदी संचालक गुंडूआण्णा आले. त्यांच्या वडिलांचे नाव गावच्या वाचनालयाला दिलेले असल्याने ग्रंथव्यवहाराशी त्यांचा संबंध सिद्ध होत होता. सचिव म्हणून खरेदी अधिकारी पूर्णिमा चौगुले होत्या. सबिना निमंत्रित होती, पण तिला मत नव्हते. पुस्तक तीच वाचणार असल्यामुळे तिचे मत निःपक्षपाती राहिले नसते.

पहिल्या बैठकीत सबिनाने तीन पुस्तकांची नावे लिहिलेली चिठ्ठी पुढे ठेवली. आण्णांनी ती लांब धरून पाहिली.

"ह्यातलं जाड कुठलं?"

"तिसरं. अकराशे पानं हाईत."

"मग त्येच घेऊया की. एकदा घेतलं की दहा वरसं बघाय नको."

"तसं घेता येत नाही आण्णा," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "आधी निकष ठरवावे लागतील. निकष न ठरवता चांगलं पुस्तक घेतलं, तर ते चांगलं आहे हे उद्या दाखवायचं कसं?"

निकष ठरले. शंभरपैकी बांधणीला पंचवीस गुण, कागदाला वीस, चित्रांना पंधरा, मुखपृष्ठाला दहा. आण्णांच्या डोळ्यांना नुकताच नवा नंबर लागला होता, त्यामुळे अक्षरांच्या आकाराला पंचवीस मिळाले. उरलेले पाच मजकुराला दिले.

गुण द्यायचे तर पुस्तक समोर हवे होते. ते समोर आणायला खरेदी करावे लागणार होते, आणि गुण मिळाल्याशिवाय खरेदी करता येत नव्हती. ही अडचण लक्षात यायला दोन बैठका लागल्या. ती सोडवली चमनचाचांनी. जुन्या-नव्या पुस्तकांचे त्यांचे दुकान संघापासून जवळच होते. त्यांनी तिन्ही पुस्तके नुसत्या पोचपावतीवर पाहायला पाठवून दिली.

आण्णांनी पहिले पुस्तक मध्येच उघडले आणि सबिनाला धड्याचे नाव वाचून मराठीत सांगायला लावले.

"हल्लेखोर आत कसा शिरतो," सबिना म्हणाली.

आण्णांनी आणखी काही पाने उलटली.

"आणि पुढचा?"

"परवलीचा शब्द कसा चोरला जातो."

"म्हंजे चोरी शिकवत्यात व्हय ह्यात?"

"चोर कसा येतो ते कळलं, तरच दार लावता येतंय आण्णा."

"आमच्या म्हशीला दार लावायला आम्ही कधी चोराकडं शिकाय गेलतो काय?"

हा युक्तिवाद इतिवृत्तात घेतला गेला. खबरदारी म्हणून पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला घ्यायचे ठरले आणि पूर्णिमा मॅडम स्वतः तिथे गेल्या. ठाण्यातल्या हवालदारांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले.

"हरवलंतं काय?"

"नाही."

"चोरीचं हाय?"

"नाही. चोरीवरचं आहे."

हवालदारांनी पुस्तक परत दिले आणि अर्जावर 'पाहिले' असा शिक्का मारला. शिक्क्याचा अर्थ काय घ्यायचा, यावर पाचवी बैठक झाली.

त्या बैठकीनंतर सबिना चमनचाचांच्या दुकानात गेली. परीक्षेला चार महिने उरले होते. ती स्टुलावर बसली. चाचांनी फळीवरून एक पुस्तक काढून फडक्याने पुसले.

"तुमच्या समितीकडं गेलंय त्यातलंच पयलं हाय ह्ये. वापरल्यालं. कव्हर न्हाय, मागची दोन पानं न्हाईत. न्या. पास झालासा की आणून द्या."

"आणि न्हाई झाले तर?"

"तर आणि वाचा."

सबिना पेठ वडगावाहून एसटीने ये-जा करायची. बसायला जागा मिळाली की पुस्तक उघडायची, आणि उभे राहावे लागले तर आदल्या दिवशीचे मनात म्हणायची. पहिले पंधरा दिवस तिला काही कळले नाही. एकच पान तिसऱ्यांदा वाचताना तिला बसमध्येच रडू आले. शेजारच्या बाईने घरी कुणाचे काही बरेवाईट झाले काय, असे विचारले, तेव्हा तिने 'होय' म्हणून सांगितले, कारण खरे कारण समजावणे जास्त अवघड होते. मग हळूहळू कळायला लागले. सकाळी तिची धाकटी बहीण तहरीम भाकरी थापता थापता तिची परीक्षा घ्यायची. तहरीमला इंग्रजी येत नव्हते, पण सबिनाने उत्तर म्हणून लिहिलेले अक्षर आणि पुस्तकातल्या उत्तरसूचीतले अक्षर एकच आहे का, एवढे तिला दिसायचे. चुकले की ती म्हणायची, "आपा, फिरून सांग," आणि भाकरी उलटायची.

इकडे समितीचे काम थांबले नव्हते. सहाव्या बैठकीत गुणदान पूर्ण होऊन तिसरे पुस्तक विजयी झाले. सातव्या बैठकीच्या सकाळी कळले, की त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे आणि तिचा कागद वेगळा आहे. समितीने निकष पुन्हा तपासायला घेतले.

फेब्रुवारीत सबिना पास झाली. प्रमाणपत्राचा कागद तिने पूर्णिमा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो वाचला, पालथा करून मागची बाजूही पाहिली.

"कुठल्या पुस्तकातून केलात अभ्यास?"

सबिनाने सांगितले.

"मुजावर, तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही," मॅडम खरेच कळवळून म्हणाल्या. "पण पुस्तक ठरायच्या आधीच तुम्ही पास झालात, तर सात बैठकांच्या इतिवृत्तांचं मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सबिनाला नोटीस मिळाली. संघाने मंजूर न केलेल्या पुस्तकातून ज्ञान मिळवल्याबद्दल तिच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा मागवला होता. सुनावणीत समितीने गुणतक्ता काढला. सबिनाच्या पुस्तकाला चौतीस गुण होते. चौतीस गुणांचे पुस्तक वाचून कोणी पास होऊ शकत नाही, हे उघड होते. म्हणजे एकतर परीक्षा संशयास्पद होती किंवा उमेदवार. परीक्षा घेणारी संस्था परदेशात होती आणि उमेदवार हाताशी होती, म्हणून संशय उमेदवारावर ठेवण्यात आला. मंजूर पुस्तक आल्यावर तिने त्यातून अभ्यास करून परीक्षा पुन्हा द्यावी, आणि तोवर आधी मिळवलेले ज्ञान कार्यालयीन कामात वापरू नये, असा ठराव झाला. सबिनाने त्यावर 'वाचला' अशी सही केली. घरी तिने तहरीमला एवढेच सांगितले, की निकाल राखून ठेवलाय.

मार्चच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी संघाचे संगणक एकामागून एक बंद पडू लागले. प्रत्येक पडद्यावर फाइली कुलूपबंद केल्याचा इंग्रजी निरोप होता. गावोगावच्या संकलनाचे आकडे येईनात. आकड्यांशिवाय दूध उतरवून घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे टँकरची रांग फाटकाबाहेर हमरस्त्यापर्यंत गेली. सबिनाने धावत जाऊन सगळ्या संगणकांची जोडणी तोडली. तार उपटायला ज्ञान लागत नाही, असे तिने नंतर लेखी कळवले. मग ती खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

कार्यकारी संचालक धापा टाकत आले. मागून आण्णा आणि पूर्णिमा मॅडम आल्या.

"बसलाय काय? दुरुस्त करा की."

"येतंय मला साहेब. पण ते नामंजूर पुस्तकातलं हाय. वापरू का?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिले, मॅडमनी ठरावाकडे पाहिले.

"विशेष बाब म्हणून एक वेळची परवानगी देता येईल," मॅडम म्हणाल्या आणि शेजारच्या कागदावर हाताने लिहू लागल्या.

"आणि साहेब," सबिना म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हातासरशी अजून एक कागद लिवा, कायमच्या ऑर्डरचा. नऊ वर्षं झाली."

"ही काय वेळ आहे का?"

टँकरचे भोंगे वाजत होते. गुंडूआण्णांनी खिडकीतून रांग बघितली. तिच्यात त्यांच्या गावचाही टँकर होता.

"द्या की वं साहेब," ते म्हणाले. "दूध नासाय लागलंय. कागूद काय नासत न्हाय."

दोन्ही कागदांवर सह्या झाल्या. सबिनाने ते घडी करून पर्समध्ये ठेवले आणि कामाला लागली. दर आठवड्याचे आकडे ती वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवत असे; संगणक पुसून तिने तेच पुन्हा चढवले. दुपारी दोनच्या सुमारास पहिला टँकर आत आला.

एप्रिलमध्ये संघाने तिचा सत्कार केला आणि फोटोसह बातमी छापून आली. त्यानंतर दोन आठवडे तिचा फोन थांबला नाही. वारणानगरहून, गडहिंग्लजहून, कुठून कुठून माणसे एकच विचारायची: पुस्तक कुठले? ती नाव सांगायची. मग पुढचा प्रश्न यायचा, की त्याहून चांगले कुठले? किती महिने वाचले, हे एकानेही विचारले नाही. गडहिंग्लजच्या विश्वजित नावाच्या गृहस्थांनी चारदा फोन केला. त्यांनी अकरा पुस्तकांचा तुलनात्मक तक्ता केला होता.

"परीक्षा कधी देताय?" सबिनाने विचारले.

"ते पुस्तकावर ठरंल," ते म्हणाले.

समिती आता कायम झाली आहे आणि नव्या आवृत्तीचा कागद तपासत आहे. सबिनाच्या त्या पुस्तकाचे नाव या हकिगतीत कुठेच आलेले नाही. हे तुमच्या केव्हाच लक्षात आले असेल आणि ते कळले असते तर बरे झाले असते, असे वाटत असेल, तर संघाकडे अर्ज करावा. समितीत एका सदस्याची जागा रिकामी आहे. वाचनाची अट नाही.